सुगीची देवी, सण मात्र पेरणीचे: डिमीटर समजून घेताना

१८०१ सालच्या नोव्हेंबरात एडवर्ड क्लार्क नावाचा इंग्रज प्रवासी एल्युसिस गावात पोचला. अथेन्सपासून हे गाव वीसेक किलोमीटरवर, समुद्रकाठी. गावाच्या खळ्याजवळ शेणखताचा ढीग होता आणि त्या ढिगातून एका संगमरवरी बाईचं डोकं वर आलेलं होतं. चेहरा झिजून सपाट झालेला, डोक्यावर टोपलीसारखं काहीतरी. गावकरी ख्रिस्ती, पण शेतात टाकायचं खत ते आधी ह्या बाईभोवती रचत. हिच्यामुळेच आपली जमीन पिकते, ही गेली की पीक गेलं, अशी त्यांची पक्की समजूत होती.

क्लार्कने अथेन्सच्या तुर्की अधिकाऱ्याला एक दुर्बीण देऊन मूर्ती हलवायची परवानगी मिळवली. बोलणी चालू असतानाच जू सुटलेला एक बैल आला, मूर्तीला शिंगं मारू लागला आणि हंबरत शेतांकडे पळत सुटला. मग कोणी मूर्तीला हात लावेना. शेवटी गावच्या पाद्र्याने पूजेची वस्त्रं चढवून पहिला घाव घातला, तेव्हा काम सुरू झालं. मूर्ती घेऊन निघालेलं जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ फुटलं. मूर्ती वाचली आणि आज ती केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे.

गावकरी जिला पुजत होते तिचं नाव डिमीटर, जुन्या ग्रीकांची धान्याची देवी. तिचं देऊळ बंद पडून तेव्हा चौदाशे वर्षं झाली होती.

हल्ली पॉडकास्ट आणि छोट्या व्हिडिओंमधून डिमीटर पुन्हा ऐकू येते, पण बहुतेक वेळा दोनच वाक्यांत. एक, ‘मुलगी पळवली म्हणून हिवाळा झाला.’ दुसरं, ‘तिच्या देवळात लोक नशा करायचे.’ पहिलं अर्धवट आहे, दुसरं सिद्ध झालेलं नाही. म्हणून जरा मुळापासून बघू.

आधी तिथलं पीकपाणी

ग्रीसमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा, करपवणारा असतो. त्यामुळे गहू आणि जव यांची पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पहिल्या पावसाच्या धोरणाने होते. पीक हिवाळाभर वाढतं आणि मे-जूनमध्ये कापणीला येतं. आपल्या रब्बीच्या जवळ जाणारं हे वेळापत्रक आहे. आपली रब्बी जमिनीतल्या ओलीवर आणि दवावर निघते, त्यांची पावसावर, एवढा फरक. अथेन्सच्या आसपासची माती हलकी, म्हणून तिथे गव्हापेक्षा जवच जास्त.

ग्रीक देवांच्या वाटणीत द्राक्षं आणि दारू डायोनिससची, ऑलिव्ह अथेनाचं, आणि रोजच्या भाकरीचं धान्य डिमीटरचं. तिच्या नावातला ‘मीटर’ म्हणजे आई. आपला ‘मातृ’ आणि हा शब्द एकाच जुन्या मुळातून आले आहेत. नावाच्या पहिल्या अक्षराबद्दल मात्र भाषातज्ज्ञांचं एकमत नाही.

होमरच्या ‘इलियड’मध्ये ऐन लढाईच्या वर्णनात ती क्षणभर दिसते. सैनिकांवर धूळ बसली आहे, आणि कवीला आठवतं खळं: वारा सुटलाय, माणसं उफणतायत, सोनेरी केसांची डिमीटर दाणा आणि भूस वेगळं करतेय, आणि बाजूला भुसाचा ढीग पांढरा होत चाललाय. खळ्यावर उभं राहून ज्याने उफणणी पाहिली आहे, पाटी डोक्याच्या वर धरून वाऱ्याची वाट बघणारा माणूस पाहिला आहे, त्याला हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. हेसिओड हा दुसरा जुना कवी शेतकऱ्याला सांगतो, की नांगराच्या मुठीला हात घालताना भूमीच्या झ्यूसची आणि पवित्र डिमीटरची प्रार्थना कर. आपण चाड्यावर मूठ धरताना हात जोडतो, तसंच.

आता एक गंमत बघा. पुस्तकांत तिला ‘सुगीची देवी’ म्हणतात आणि सुगीचे सण तिच्या नावाने होतही असत. पण अथेन्समधले तिचे दोन सगळ्यात मोठे उत्सव सप्टेंबर-ऑक्टोबरात येत, म्हणजे पेरणीच्या तोंडावर. मला वाटतं, डिमीटर समजून घ्यायची किल्ली इथे आहे. सुगी झाल्यावर आभार मानणं सोपं असतं, कणगी भरलेली असते. पेरणीच्या वेळी घरात उरलेलं, खाता येईल असं धान्य उचलून मातीत पुरायचं असतं. माझी आजी बियाण्याच्या मडक्याला, घरातलं पीठ संपलं तरी, कोणाला हात लावू देत नसे. खायचं धान्य मातीखाली घालायचं आणि ते परत येईल म्हणून थांबायचं, ह्या थांबण्याची ही देवी आहे.

गोष्ट, जशी जुन्या स्तोत्रात आहे

ही गोष्ट आपल्याला मुख्यतः एका ग्रीक स्तोत्रातून कळते. ते इ. स. पूर्व सातव्या-सहाव्या शतकातलं, सुमारे ४९५ ओळींचं आहे. शेकडो वर्षं ते हरवलेलं होतं आणि १७७७ साली मॉस्कोत त्याचं एकुलतं एक हस्तलिखित सापडलं. ते सापडलं नसतं तर ह्या लेखातलं निम्मं लिहिता आलं नसतं.

डिमीटरची मुलगी पर्सेफोनी मैत्रिणींबरोबर फुलं वेचत असते. ती एका नार्सिससच्या फुलाला हात घालते आणि जमीन दुभंगते. पाताळाचा राजा हेडिस रथातून वर येतो आणि तिला घेऊन जातो. ह्या गोष्टीला तिच्या बापाची, म्हणजे देवांचा राजा झ्यूस ह्याची, आधीच संमती असते. आईला कोणी विचारलेलंच नसतं.

आईला फक्त किंकाळी ऐकू येते. नऊ दिवस ती हातात मशाली घेऊन, न खाता, न अंघोळ करता हिंडते. अखेर सूर्यदेव तिला खरं सांगतो. मग ती देवांची संगत सोडते आणि म्हातारीच्या रूपात एल्युसिसला येऊन विहिरीपाशी बसते. राजाच्या मुली पाण्याला आलेल्या असतात, त्या तिला घरी नेतात. ती घरात बसते तरी बोलत नाही, खात नाही. इआंबे नावाची एक दासी तिची चेष्टामस्करी करून तिला हसवते, तेव्हा कुठे ती तोंडात काही घालते. दारू नाकारते आणि जवाचं पीठ, पाणी आणि पुदिन्याच्या कुळातली एक वनस्पती घालून केलेलं साधं पेय मागते. त्याला किकेऑन म्हणत.

त्या घरातलं तान्हं बाळ ती सांभाळायला घेते आणि रात्री गुपचूप त्याला विस्तवात धरते, अमर करण्यासाठी. एका रात्री बाळाची आई ते बघते आणि किंचाळते. खेळ तिथेच मोडतो. डिमीटर आपलं खरं रूप दाखवते, देऊळ बांधायला सांगते आणि त्या देवळात जाऊन बसते.

आणि धान्य थांबवते. बैल नांगर ओढतात, जव पेरला जातो, पण एकही कोंब वर येत नाही. माणसं मरायला टेकतात. माणसं मेली तर देवांना नैवेद्य कोण दाखवणार? देव एकेक करून विनवायला येतात, ती हलत नाही. मुलगी दाखवा, मग बघू. झ्यूसला माघार घ्यावी लागते. पण निघताना हेडिसने पर्सेफोनीला डाळिंबाचा दाणा खाऊ घातलेला असतो. पाताळातलं अन्न पोटात गेलं की पूर्ण सुटका नाही. तोड निघते ती अशी: वर्षाचा एक तृतीयांश भाग खाली, दोन तृतीयांश आईजवळ.

‘सहा दाणे, सहा महिने’ हे सगळीकडे वाचायला मिळतं, ते ह्या स्तोत्रात नाही. अर्ध्या वर्षाची वाटणी पुढे रोमन कवी ओविडने सांगितली.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ह्या आईकडे वज्र नाही, सैन्य नाही. ती काम थांबवते, एवढंच करते, आणि देवांच्या राजाला वाकवते.

पण मुलगी खाली असते ते हिवाळ्यात की उन्हाळ्यात?

ही शंका रास्त आहे. ग्रीसमध्ये हिवाळ्यात शेतं हिरवी असतात आणि उजाड दिसतात उन्हाळ्यात. मग आईच्या दुःखाचे महिने हिवाळ्याचे कसे?

म्हणून काही अभ्यासकांनी वेगळा अर्थ लावला: पर्सेफोनी खाली असते ते कापणीनंतरचे कोरडे चार महिने, जेव्हा धान्य जमिनीखालच्या साठवणीत असतं. मराठी वाचकाला हे पटकन कळेल, कारण आपल्याकडे पेव होतंच. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं प्रसिद्ध आहेत. बंद केलेलं, अंधारं, हवा कोंडलेलं पेव आणि त्यात वाट बघणारं पुढच्या वर्षाचं बी. पाताळाचं दुसरं चित्र कशाला हवं?

तरीही स्तोत्रात स्पष्ट म्हटलंय की पर्सेफोनी वसंतात, फुलांबरोबर परत येते. त्यामुळे पेवाचा अर्थ कितीही आवडला तरी तो स्तोत्रावर पूर्ण बसत नाही. पेरलेलं बी असो की साठवलेलं, धान्य काही काळ डोळ्यांआड, मातीखाली जातं, हे दोन्ही अर्थांत सारखंच आहे. शेतकऱ्याला तेवढं पुरत असावं.

बायकांचे तीन दिवस

ऑक्टोबरात थेस्मोफोरिया नावाचा सण येई. फक्त बायकांचा, अथेन्समध्ये मुख्यतः लग्न झालेल्या नागरिक स्त्रियांचा. तीन दिवस त्या घर सोडून टेकडीजवळ झोपड्या करून राहत. पुरुषांना मज्जाव. ज्या शहरात बायकांना सभेत बोलता येत नव्हतं, मत देता येत नव्हतं, तिथे हे तीन दिवस सगळा कारभार त्यांच्या हातात असे.

दुसरा दिवस उपासाचा. त्या दिवशी जमिनीवर बसायचं, डिमीटरच्या दुःखात सामील व्हायचं. डाळिंबाचा जो दाणा जमिनीवर पडला तो खायचा नाही. आणि इआंबेची आठवण म्हणून एकमेकींची अचकट थट्टा करायची. शिमग्याला आपल्याकडे ज्या मोकळेपणाने बोललं जातं तसंच, पण इथे बायकांच्या तोंडी.

ह्या सणाचा सगळ्यात विलक्षण भाग मात्र वेगळा होता. आधीच काही काळ खोल खड्ड्यांत डुकराची पिल्लं टाकलेली असत. सोवळं पाळलेल्या काही बायका खाली उतरून त्यांचे कुजलेले अवशेष वर आणत, वेदीवर ठेवत आणि पेरायच्या बियाण्यात मिसळत. वाचताना अंगावर काटा येतो, पण शेणखत ज्याने हाताने पसरलंय त्याला ह्यातला विचार कळेल. कुजलेल्यातूनच उगवतं. एल्युसिसच्या गावकऱ्यांनी त्या मूर्तीभोवती खत का रचलं असेल, हेही इथे समजतं.

एल्युसिसची वाट

दुसरा मोठा उत्सव एल्युसिसच्या रहस्यविधींचा. ‘रहस्य’ ह्यासाठीचा ग्रीक शब्द मिटण्यावरून आला आहे, ओठ किंवा डोळे मिटण्यावरून. दीक्षा घेतलेल्याने आत काय पाहिलं ते बाहेर बोलायचं नाही, हा नियम.

दीक्षा कोणाला मिळे? ग्रीक भाषा येत असेल आणि हातून खून झालेला नसेल, तर कोणालाही. बायकांना, गुलामांनासुद्धा. त्या काळच्या मानाने हे दार फारच उघडं होतं.

सप्टेंबरच्या अखेरीस हे लोक अथेन्समध्ये जमत. आधी समुद्रस्नान, प्रत्येकाचं स्वतःचं डुकराचं पिल्लू सोबत. मग पवित्र मार्गाने एल्युसिसपर्यंत मिरवणूक. आजही अथेन्समध्ये त्या रस्त्याचं नाव ‘इएरा ओदोस’, म्हणजे पवित्र मार्गच आहे. एकाच दिवसात वीसेक किलोमीटर, घोषणा देत, नाचत. वारीत चाललेल्याला त्या दिवसाचा थकवा आणि उत्साह वेगळा सांगायला नको. वाटेत एका पुलावर तोंड झाकलेले लोक उभे असत आणि मिरवणुकीतल्या बड्या बड्यांना शिव्या घालत. देवीच्या दारात जाताना मोठेपणा पुलावरच ठेवून जायचा.

रात्री एल्युसिसला पोचल्यावर पुढचे विधी एका दालनात होत. बाजू सुमारे ५१ मीटरची, आत ४२ खांब, चारी भिंतींलगत पायऱ्या, त्यांवर हजारो माणसं बसू शकत. अंधार, आणि मग मुख्य पुजाऱ्याच्या मागून एकदम उसळलेला उजेड. काहीतरी केलं जाई, काहीतरी म्हटलं जाई, काहीतरी दाखवलं जाई.

ह्या पूजेचा खर्च धान्यातच निघे. इ. स. पूर्व पाचव्या शतकातला अथेन्सचा एक कोरीव हुकूम सापडला आहे. जवाच्या ६०० मापांना एक माप आणि गव्हाच्या १,२०० मापांना एक माप, असा पहिल्या धान्याचा वाटा एल्युसिसला पाठवायचा.

इतक्या लोकांनी गुपित पाळलं कसं?

हजार वर्षं, दरवर्षी एवढे लोक, आणि तरी आत काय दाखवत ते नेमकं कोणी लिहून ठेवलं नाही. ह्याचं एक कारण भीती. गुपित फोडणाऱ्याला मृत्युदंड होता. इ. स. पूर्व ४१५ मध्ये आल्किबिआडिस ह्या बड्या सेनापतीवर घरच्या मेजवानीत विधींची नक्कल केल्याचा आरोप झाला. तो परतला नाही, म्हणून त्याच्या पाठीमागे त्याला मृत्युदंड सुनावला गेला आणि मालमत्ता जप्त झाली.

पण नुसत्या भीतीने हजार वर्षं तोंडं बंद राहत नाहीत. माझ्या मते खरं कारण ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या एका विचारात आहे: दीक्षा घेणाऱ्याला काही शिकायचं नसतं, अनुभवायचं असतं. माहिती फुटते, अनुभव कसा फुटणार? पंढरीला पोचून कळस दिसल्यावर काय वाटतं ते शब्दांत सांगितलं तरी न गेलेल्याला ते मिळत नाही.

इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला एक ख्रिस्ती लेखक म्हणतो, की शेवटी मूकपणे कापलेलं धान्याचं एक कणीस दाखवत. तो विरोधक होता, त्यामुळे त्याचा शब्द तोलूनच घ्यावा लागतो. पण समजा तसंच असेल. दिवसभर उपास, वीस किलोमीटरची चाल, रात्र, अंधार, आईचा आक्रोश, आणि मग अचानक प्रकाशात एक कणीस. पेरणीला अजून काही आठवडे आहेत. स्तोत्र सांगतं, की ज्याने हे पाहिलं तो धन्य, न पाहिलेल्याच्या वाट्याला मेल्यावर ते सुख नाही. सिसेरो हा रोमन वक्ता म्हणतो, की इथे आम्ही आनंदाने जगायला आणि बऱ्या आशेने मरायला शिकलो.

धान्याच्या देवीकडे मरणाची भीती घेऊन लोक का जात, ते इथे उलगडतं. प्लुटार्क हा ग्रीक लेखक लिहितो, की जुने अथेन्सकर मेलेल्यांना ‘डिमीटरची माणसं’ म्हणत. सिसेरोनेच नोंदवलंय, की मूठमाती दिल्यावर त्या जागेवर धान्य पेरायची तिथे रीत होती.

मग ती नशा होती का?

१९७८ मध्ये गॉर्डन वॅसन, आल्बर्ट हॉफमन आणि कार्ल रक ह्या तिघांनी मांडलं, की किकेऑनमध्ये अरगट असावं. हॉफमन म्हणजे एलएसडी शोधणारा रसायनशास्त्रज्ञ. अरगट ही कणसावर येणारी बुरशी. बाजरी घेणाऱ्यांना हे नाव माहीत आहे: आधी कणसावर मधासारखे चिकट थेंब, मग दाण्याच्या जागी काळपट गाठी. पेरणीआधी बियाणं मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणाऱ्या गाठी काढायला सांगतात, तो हाच रोग. बाजरीवरची बुरशी त्याच कुळातली, जात वेगळी.

कल्पना आकर्षक आहे, पण मला पटत नाही. अरगट हे विष आहे. त्याने झटके येतात, हातपाय सडतात, गर्भपात होतात. पिढ्यानुपिढ्या हजारो लोकांना, त्यांत बायकांनाही, ते मोजून-मापून पाजायचं आणि विषबाधेची एकही कथा मागे राहायची नाही, हे कठीण आहे. एल्युसिसच्या भांड्यांत असा अंश सापडलेला नाही. स्पेनमधल्या एका प्राचीन वस्तीत अरगटच्या खुणा मिळाल्याचं सांगतात, पण तो पुरावा स्पेनचा. आणि उपाशीपोटी चालून आलेल्या, रडवेल्या झालेल्या माणसाला अंधारात एकदम उजेड दिसला, तर हेलावून जायला वेगळी नशा लागते, असं मी तरी मानत नाही.

म्हणजे ही आपली अन्नपूर्णाच ना?

नाही. साम्य खूप दिसतं. घटस्थापनेला आपण परडीत माती घालून धान्य पेरतो आणि नऊ दिवसांत देवघराच्या अंधारात पिवळट कोंब येतात. तोही सप्टेंबर-ऑक्टोबरच, आणि डिमीटरही नऊच दिवस भटकली. पण ह्यावरून नातं जोडू नये. बी मातीत घालणारी माणसं जिथे जिथे आहेत, तिथे तिथे त्यांच्या मनात सारखे प्रश्न आले. एवढ्यावर थांबावं.

खरा धागा एक आहे, आणि तो इतिहासात नोंदलेला आहे. इ. स. पूर्व २०च्या सुमारास भारतातून रोमचा सम्राट ऑगस्टसकडे एक शिष्टमंडळ गेलं. त्यातल्या एका माणसाने अथेन्समध्ये स्वतःला जाळून घेतलं. स्ट्रॅबो हा ग्रीक भूगोलकार त्याच्या थडग्यावरचा लेख देतो: बार्गोसाचा भारतीय झार्मानोखेगस. बार्गोसा म्हणजे बहुधा बॅरिगाझा, आजचं भरूच. पैठण आणि तेरचा माल पुढच्या काळात गाड्यांतून ज्या बंदराला जात असे, तेच. कॅसिअस डिओ हा इतिहासकार सांगतो, की आगीत जाण्याआधी त्याने एल्युसिसची दीक्षा घेतली होती, आणि ऑगस्टससाठी तो विधी अवेळी करण्यात आला होता. आपल्या बाजूचा एक माणूस त्या दालनात बसला होता आणि त्यानेही काय पाहिलं ते सांगितलं नाही.

देऊळ गेलं, पुढे काय?

इ. स. ३९२ मध्ये सम्राट थिओडोसिअसने जुन्या देवांच्या पूजेवर बंदी आणली. चार वर्षांच्या आत आलारिकच्या गॉथ टोळ्यांनी एल्युसिस लुटलं. रोमन लोक डिमीटरला सेरेस म्हणत. तिच्या नावावरून आलेला ‘सीरियल’ हा शब्द आज आपल्या नाश्त्याच्या खोक्यावर आहे. १ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतून एक छोटा ग्रह दिसला, त्यालाही सेरेस नाव मिळालं. त्याच वर्षी क्लार्क मूर्ती घेऊन गेला.

ती मूर्ती, जाता जाता सांगायला हवं, डिमीटरची नव्हतीच. देवळाच्या आतल्या दरवाज्याचा भार डोक्यावर पेलणाऱ्या दोन स्त्रीमूर्तींपैकी ती एक आहे, आणि तिच्या डोक्यावर आहे ती विधींची पवित्र टोपली. तिच्यावर गव्हाच्या ओंब्या कोरल्या आहेत.

आज एल्युसिसला एलेफ्सिना म्हणतात. तिथे तेलशुद्धीकरणाचे कारखाने आहेत, भंगारातली जहाजं आहेत. २०२३ साली ते युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं. जुन्या दालनाच्या अवशेषांवरच्या टेकडीवर मारियामातेचं एक छोटं चर्च आहे. तिथे तिला म्हणतात ‘अर्ध्या पेरणीची माता’. तिचा सण २१ नोव्हेंबरला, निम्मी पेरणी झालेली आणि निम्मी बाकी असताना. आदल्या संध्याकाळी बायका भाकरी आणि शिजवलेलं मिश्र धान्य घेऊन टेकडी चढतात. गहू, कडधान्यं, आणि वरून डाळिंबाचे दाणे.